सूक्ष्मसेवा रचनेतील सीमांकनाचा प्रश्न : विद्यापीठीय परीक्षा प्रणालीच्या अनुषंगाने

प्रस्तावना :

परीक्षा अर्ज, शुल्कभरणा, प्रवेशपत्र, उत्तरपत्रिकांचे सांकेतीकरण, मूल्यांकन, गुणांची नोंद, निकाल, गुणपत्रिका, पुनर्मूल्यांकन आणि अखेरीस पदवी प्रमाणपत्र ही साखळी प्राध्यापक वर्गास पूर्णपणे परिचित आहे. या साखळीतील जवळजवळ प्रत्येक कडी आज संगणकावर आलेली आहे. मात्र ती ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्याची अंतर्गत रचना कशी असावी, या प्रश्नाकडे संगणकशास्त्र विभागाबाहेर फारसे लक्ष दिले जात नाही. वस्तुतः हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर एक आकडा आणि शासकीय पोर्टलवर दुसरा आकडा दिसू लागला, तर त्यांपैकी खरा कोणता, हे सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे या रचनेवरच ठरते.

मागील दशकभरात सॉफ्टवेअर उभारणीत 'मायक्रोसर्व्हिस' अर्थात सूक्ष्मसेवा रचनेचा मोठा बोलबाला झाला आहे. नागपुरातील गायत्रीनगरचा आयटी पार्क असो वा मिहान, तेथे नोकरीसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याला मुलाखतीत या रचनेविषयी प्रश्न येण्याचा संभव असतो. त्यामुळे अंतिम वर्षाच्या प्रकल्पांतही ती हौसेने वापरली जाते. प्रस्तुत लेखात या रचनेचे स्वरूप, तिच्यातील सीमांकनाचा प्रश्न आणि तिची किंमत यांचा विचार परीक्षा प्रणालीचे उदाहरण घेऊन केला आहे.

संकल्पनेचा उगम :

एकच मोठी आज्ञावली, तिचा एकच डेटाबेस आणि तिच्या सर्व भागांची एकत्रित स्थापना, या पद्धतीस एकसंध रचना म्हणता येईल. याउलट सूक्ष्मसेवा रचनेत तेच काम अनेक लहान, स्वतंत्रपणे चालणाऱ्या सेवांमध्ये विभागलेले असते. प्रत्येक सेवेचा स्वतःचा डेटाबेस असतो, दुसरी सेवा त्या डेटाबेसला परस्पर हात लावू शकत नाही, तिला जे हवे ते नेटवर्कवरून रीतसर मागावे लागते. एक सेवा बदलताना किंवा नव्याने स्थापित करताना इतर सेवा बंद कराव्या लागत नाहीत. हा शेवटचा गुण सर्वांत महत्त्वाचा होय. तो नसेल तर विभागणी केवळ कागदावर राहते.

हा शब्द नवा असला तरी विचार जुना आहे. डेव्हिड पार्नस यांनी १९७२ मध्येच असे मांडले होते की, आज्ञावलीचे भाग कामाच्या क्रमानुसार पाडू नयेत. जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एका भागात झाकून ठेवावा, म्हणजे बदलाचा उपद्रव इतरांना होणार नाही. एरिक इव्हान्स यांनी २००३ मधील ग्रंथात संज्ञेचा अर्थ जेथपर्यंत एकच राहतो तेथपर्यंतच एका प्रतिमानाची सीमा असावी, हे तत्त्व सांगितले. 'मायक्रोसर्व्हिस' ही संज्ञा मे २०११ मध्ये व्हेनिसजवळ झालेल्या सॉफ्टवेअर रचनाकारांच्या एका कार्यशाळेत चर्चिली गेली आणि मार्च २०१४ मधील जेम्स लुईस व मार्टिन फाउलर यांच्या लेखामुळे ती सर्वत्र रूढ झाली. त्याआधीच मोठ्या कंपन्यांनी या वाटेने जाण्यास आरंभ केला होता. ऑगस्ट २००८ मध्ये डेटाबेस बिघडल्याने नेटफ्लिक्सला तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठविता आल्या नाहीत. त्यानंतर त्या कंपनीने आपली प्रणाली फोडून नव्याने बांधण्यास घेतली आणि ते काम जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण झाले. विपुल मनुष्यबळ असलेल्या कंपनीस सुमारे ७ वर्षे लागली, ही गोष्ट या विषयावर उत्साहाने बोलताना सहसा सांगितली जात नाही.

सीमा कोठे आखावी :

सेवा किती लहान असावी, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. तो तितकासा उपयोगी नाही. सीमा कोठे आखावी, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर संगणकात नव्हे तर परीक्षा विभागाच्या कार्यपद्धतीत शोधावे लागते.

'विद्यार्थी' हा साधा शब्द घ्यावा. अर्ज स्वीकारणाऱ्या विभागाच्या दृष्टीने विद्यार्थी म्हणजे नाव, नामांकन क्रमांक, महाविद्यालय, निवडलेले विषय आणि भरलेले शुल्क. परीक्षा केंद्राच्या दृष्टीने तो म्हणजे एक आसन क्रमांक व एक स्वाक्षरी. मूल्यांकन केंद्रात मात्र विद्यार्थी मुळीच नसतो, तेथे असते ती सांकेतिक क्रमांकाची उत्तरपत्रिका. परीक्षकाला नाव कळू नये, महाविद्यालय कळू नये, यासाठी संकेतीकरणाची व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. आसन क्रमांक व सांकेतिक क्रमांक यांची सांगड घालणारी यादी गोपनीय शाखेकडे असते व ती निकाल तयार होतानाच उघडते.

सॉफ्टवेअरच्या परिभाषेत पाहिले तर परीक्षा विभागाने संगणक येण्यापूर्वीच सूक्ष्मसेवेची सीमा आखून ठेवली होती, असे म्हणावे लागते. मूल्यांकन ही स्वतंत्र सेवा आहे, कारण तिची माहिती इतरांपासून वेगळी राहणे हीच तिची अट आहे. ज्या एकसंध प्रणालीत विद्यार्थी, आसन क्रमांक, सांकेतिक क्रमांक आणि गुण हे एकाच डेटाबेसच्या शेजारशेजारच्या कोष्टकांत ठेवलेले असतात, तेथे डेटाबेसचे पूर्ण अधिकार असलेली व्यक्ती एका प्रश्नात सर्व काही जोडून पाहू शकते. कुलूपबंद कपाटाची जागा परवलीच्या शब्दाने घेतली आणि गोपनीयता पातळ झाली. येथे विभागणीचे कारण वेग किंवा विस्तार हे नसून विश्वास हे आहे. परीक्षा प्रणालीबाबत हे कारण इतर सर्व कारणांपेक्षा वजनदार मानले पाहिजे.

दुसरी सीमा नियमांची. महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसारची पदवी अभ्यासक्रमांची रचना संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. मुख्य विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक, कौशल्याधारित अभ्यासक्रम आणि त्यांची श्रेयांके यांचे नवे गणित आले. परंतु जुन्या पद्धतीने प्रवेश घेतलेले व काही विषय राहिलेले विद्यार्थी त्यानंतरही परीक्षेस बसतातच, आणि त्यांना त्यांचाच जुना नियम लागू करावा लागतो. म्हणजे उत्तीर्णतेचा नियम 'बदलत' नाही; जुन्याच्या शेजारी नवा येऊन बसतो. पार्नस यांच्या कसोटीनुसार वारंवार बदलणारा निर्णय हाच आहे. तो अर्जाच्या, निकालाच्या आणि गुणपत्रिकेच्या आज्ञावलीत विखुरलेला असेल तर प्रत्येक अध्यादेशासरशी तिन्ही ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल, व एखाद्या ठिकाणी ती राहूनही जाईल. नियमांची आवृत्तीनिहाय नोंद ठेवणारा आणि 'या तुकडीच्या या विद्यार्थ्यास या गुणांवर कोणता निकाल' एवढेच सांगणारा भाग वेगळा असणे यासाठी इष्ट ठरते.

सीमा आखताना मालकीचा प्रश्न कसा उभा राहतो, याचे उदाहरण नागपूर विद्यापीठाच्या इतिहासातच आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठातून १९८३ मध्ये अमरावती व २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये गोंडवाना विद्यापीठाकडे गेली. परंतु त्यापूर्वी चंद्रपुरात शिकून पदवी घेतलेल्याची पदवी नागपूर विद्यापीठाचीच राहिली. महाविद्यालय एकाकडे, जुना अभिलेख दुसऱ्याकडे. एकसंध प्रणाली फोडताना हाच पेच पुन्हा पडतो : नव्या सेवेकडे आजपासूनचे काम सोपविता येते, पण मागील नोंदींचे उत्तरदायित्व कोणाचे, हे लेखी ठरवावे लागते. ते न ठरविता केवळ माहितीच्या प्रती काढल्या, तर काही वर्षांनी दोन्ही प्रती 'मूळ' असल्याचा दावा करू लागतात.

व्यवहार तुटतो तेव्हा :

एकसंध रचनेचा एक मोठा लाभ असा की, शुल्काची नोंद आणि अर्जाची स्वीकृती या दोन गोष्टी डेटाबेसच्या एकाच व्यवहारात करता येतात. दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. सेवा वेगळ्या झाल्या, डेटाबेस वेगळे झाले की हे संरक्षण संपते. शुल्क सेवेने पैसे मिळाल्याची नोंद केली आणि अर्ज सेवेला ते कळविण्यापूर्वीच नेटवर्क तुटले, तर विद्यार्थ्याच्या खात्यातून रक्कम गेलेली असते आणि पडद्यावर 'अर्ज अपूर्ण' असे दिसते. परीक्षा अर्जाच्या शेवटच्या दिवशी हा प्रसंग कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यालयास नवा नाही.

या प्रश्नावर हेक्टर गार्सिया-मोलिना व केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये 'सागा' नावाची पद्धत सुचविली. दीर्घ व्यवहाराचे लहान टप्पे करावेत, प्रत्येक टप्पा स्वतःपुरता पूर्ण करावा, आणि पुढचा टप्पा फसला तर आधीच्या टप्प्याची उलट नोंद करणारी कृती आधीच तयार ठेवावी. लेखापालास ही पद्धत नवी वाटणार नाही. खोडरबर न वापरता उलट नोंदीने चूक दुरुस्त करण्याचाच हा प्रकार आहे.

तिचे सर्वपरिचित रूप म्हणजे यूपीआय. मुंबईस्थित भारतीय राष्ट्रीय भुगतान निगमने २०१६ मध्ये सुरू केलेल्या या व्यवस्थेत पैसे देणाऱ्याची बँक वेगळी, घेणाऱ्याची वेगळी आणि प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा. एका बँकेत वजावट झाली आणि दुसऱ्या बँकेत जमा झाली नाही, असे घडणारच हे गृहीत धरून ती रचलेली आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, व्यक्तीकडून व्यक्तीकडे केलेल्या हस्तांतरणात रक्कम वजा होऊन समोरच्यास जमा न झाल्यास व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत करावी लागते व त्यापुढील विलंबास प्रतिदिन १०० रुपये भरपाई द्यावी लागते. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, प्रणाली कधीच चुकणार नाही असे वचन कोणीही दिलेले नाही. चुकल्यावर काय, किती दिवसांत आणि कोणी करायचे, हे आधी ठरविले आहे. परीक्षा प्रणालीची सेवानिहाय विभागणी करणाऱ्यांनी शुल्क, अर्ज आणि प्रवेशपत्र यांबाबत असे लेखी कलम तयार केलेले नसेल, तर विभागणीचा भुर्दंड विद्यार्थ्यावर पडतो.

याच्याच जोडीला आणखी एक दक्षता लागते. उत्तर न आल्यास पाठविणारी सेवा तोच संदेश पुन्हा पाठविते. अधीर विद्यार्थीही 'शुल्क भरा' हे बटण दोनदा दाबतो. म्हणून प्रत्येक मागणीस एक स्वतंत्र क्रमांक द्यावा व त्या क्रमांकाची मागणी कितीदा आली तरी परिणाम एकदाच व्हावा, अशी योजना करणे अनिवार्य ठरते.

पुनर्मूल्यांकनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. निकाल जाहीर झाला की गुण अनेक ठिकाणी जातात : संकेतस्थळावर, छापील गुणपत्रिकेत, महाविद्यालयाच्या नोंदींत, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमान्वये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत. महिन्याभराने पुनर्मूल्यांकनात ३४ चे ४१ गुण झाले, तर हा बदल या सर्व ठिकाणी पोहोचावयास हवा. सूक्ष्मसेवा रचनेत यासाठी 'गुण बदलले' ही घटना संदेशांच्या रांगेत टाकली जाते व संबंधित सेवा आपापल्या सवडीने ती उचलतात. मधल्या काळात माहितीत विसंगती राहते; ती काही क्षणांची असेल तर बिघडत नाही, पण एखादी सेवा बंद पडून संदेश तसाच पडून राहिला तर विद्यार्थ्याचे एक वर्ष पणास लागते. कागदी व्यवस्थेत अशा वेळी शेवटचा शब्द टॅब्युलेशन रजिस्टरचा असे. गुणपत्रिकेवर काहीही छापलेले असो, टी.आर. मध्ये असेल ते खरे. नव्या रचनेतही 'टी.आर. कोणती सेवा?' हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारला गेला पाहिजे, आणि त्याचे उत्तर एकवचनी असले पाहिजे.

विभागणीची किंमत :

सेवांची संख्या वाढली की विश्वसनीयता वाढते, असा एक समज आढळतो. साधे गणित त्याच्या विरुद्ध जाते. एखादी सेवा ९९.९ टक्के वेळ उपलब्ध असेल तर ३० दिवसांच्या महिन्यात ती सुमारे ४३ मिनिटे बंद राहील. एका कामासाठी अशा १० सेवा एकापाठोपाठ चालू असणे आवश्यक असेल व त्यांचे बिघाड परस्परांशी निगडित नसतील, तर एकत्रित उपलब्धता ९९ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे महिन्यातून सुमारे ७ तास काम बंद. विभागणीचा लाभ मिळण्यासाठी एक सेवा बंद असतानाही दुसरी आपले काम करू शकेल, अशी मांडणी असावी लागते. सगळ्या सेवा एकमेकींना थांबून विचारीत बसल्या, तर ती एकसंध रचनाच असते, फक्त मध्ये तारा टाकलेल्या.

याखेरीज प्रत्येक सेवेची स्थापना, देखरेख, सुरक्षा आणि नोंदवह्या वेगवेगळ्या. २०१३ मधील डॉकर व २०१४ मधील कुबरनेटिस या साधनांनी हे काम पुष्कळ सुकर केले असले, तरी ती साधने चालविणारी माणसेही लागतातच. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये नोंदविलेले निरीक्षण येथे उपयोगी पडते : संस्था जी प्रणाली घडविते तिची रचना त्या संस्थेतील परस्परसंवादाच्या रचनेसारखीच होते. प्रत्येक सेवेमागे तिची जबाबदारी घेणारा गट असेल तर सूक्ष्मसेवा शोभतात. संगणक कक्षात ३ आज्ञावलीकार आणि १५ सेवा असतील, तर तेच तिघे पंधरा ठिकाणी धावत राहतात. फाउलर यांनीच २०१५ मध्ये आरंभ एकसंध रचनेने करावा, असा सल्ला दिला होता. पुढे २०२३ मध्ये ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओ विभागाने ध्वनी-चित्राची गुणवत्ता तपासणारी आपली एक वितरित प्रणाली पुन्हा एकत्र केल्याचे व त्यामुळे तिचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे जाहीर केले. याचा अर्थ सूक्ष्मसेवा चुकीच्या असा घेतला जातो, तो योग्य नाही. त्या कामात सीमेपलीकडे इतकी माहिती ये-जा करीत होती की सीमाच अनावश्यक होती, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एका मर्यादेचा उल्लेख आवश्यक आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या लाखो उत्तरपत्रिकांचे मूल्यांकन संगणकाच्या पडद्यावर करण्याचा निर्णय घेतला. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली आणि निकाल त्यानंतर बराच काळ रखडले. या प्रकरणाची चर्चा 'सॉफ्टवेअर कोसळले' अशी करण्याची प्रथा पडली आहे. परंतु उत्तरपत्रिका स्कॅन करणे, परीक्षकांना नव्या पद्धतीचा सराव देणे, विषयनिहाय परीक्षक उपलब्ध करणे ही कामे सेवांच्या विभागणीने होत नाहीत. ज्या साखळीत सर्वांत मंद कडी मनुष्याची आहे, तेथे इतर कड्या कितीही वेगवान केल्या तरी उत्तरपत्रिका त्या कडीपाशीच साचतात.

कोठून आरंभ करावा :

जुनी प्रणाली एका सत्रात मोडून नवी उभारणे हा मार्ग परीक्षा विभागास परवडणारा नाही, कारण परीक्षा थांबत नाहीत. फाउलर यांनी २००४ मध्ये सुचविलेली पद्धत अधिक व्यवहार्य आहे. ऑस्ट्रेलियात पाहिलेल्या, दुसऱ्या झाडावर वाढून हळूहळू त्याची जागा घेणाऱ्या वडवर्गीय वृक्षावरून त्यांनी तिला नाव दिले. जुन्या भिंतीत रुजलेला पिंपळ पाहिलेल्यांना निराळे स्पष्टीकरण नको. जुन्या प्रणालीच्या पुढ्यात एक प्रवेशद्वार ठेवावे, येणाऱ्या मागण्यांपैकी एका प्रकारच्या मागण्या नव्या सेवेकडे वळवाव्यात, उर्वरित जुन्याकडेच जाऊ द्याव्यात, आणि ती सेवा स्थिर झाल्यावरच पुढील भाग काढावा.

पहिला भाग निकालदर्शनाचा असावा. त्याला फक्त वाचन करावयाचे असते, एकाच दिवशी त्याच्यावर प्रचंड ताण येतो व उरलेले वर्ष तो जवळजवळ रिकामा असतो, आणि तो तासभर बंद पडला तरी कोणाचा गुण बदलत नाही. निकालाची प्रत त्याच्याकडे आधीच दिलेली असेल, तर गर्दीमुळे तो कोलमडला तरी मूल्यांकनाचे किंवा अर्जाचे काम अबाधित राहते. त्यानंतर शुल्क, उलट नोंदीचे नियम निश्चित झाल्यावरच. मूल्यांकन व सांकेतीकरण यांची विभागणी गोपनीयतेसाठी आवश्यक असली तरी तिला परीक्षा मंडळाची संमती व कार्यपद्धतीतील बदल लागतात, म्हणून ती घाईने करू नये.

अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचे मार्गदर्शन करणाऱ्यांनाही हाच क्रम उपयोगी पडेल. चार विद्यार्थ्यांच्या गटाने पहिल्याच दिवशी बारा सेवांची आकृती आणली, तर प्रत्येक सेवेच्या माहितीची मालकी कोणाकडे आणि ती बंद असताना इतरांनी काय करावे, एवढे दोन प्रश्न विचारावेत. बहुधा बारांच्या तीन होतात. सुबक विभाग पाडलेली एकच आज्ञावली आधी पूर्ण करून तीतून एक सेवा सकारण वेगळी काढण्याचा प्रकल्प त्याहून अधिक शिकवितो, आणि मूल्यमापनात त्यास कमी लेखण्याचे कारण नाही.

गुणांची नोंद, उत्तीर्णतेची गणना आणि टॅब्युलेशन रजिस्टर हे तीन भाग मात्र शेवटपर्यंत एकत्र, एकाच डेटाबेसमध्ये आणि एकाच व्यवहाराच्या संरक्षणात ठेवावेत. नियमांचा भाग आज्ञावलीत वेगळा असावा, पण स्वतंत्र सर्व्हरवर नसावा. एका विद्यार्थ्याचा गुण दुरुस्त होणे आणि त्याचा निकाल बदलणे यांच्या मध्ये नेटवर्क येऊ देण्यासारखे कोणतेही कारण अद्याप पुढे आलेले नाही.